दारू सोडली, पण पार्टी मोठ्या हॉटेलात आहे. आता?

मागच्या भागानंतर हाच प्रश्न सगळ्यात जास्त आला. प्रश्न माझाही आहे, कारण मला दारू सोडून आठ महिने झालेत. आणि ही माझी दुसरी खेप आहे.

आपण नंदुरबारवाले. भारी हॉटेलात जेवायचं म्हटलं की एकतर सुरत, नाहीतर नाशिक-पुणे. पहिल्यांदा सोडली तेव्हा मी हट्टाने सुरतच निवडायचो. तिकडे दारूबंदी, त्यामुळे वेटर आला की थेट सूप विचारतो. नाही म्हणायची वेळच येत नाही. गंमत बघा, 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा दोन्ही राज्यांच्या वाट्याला आला. 1960 नंतर गुजरातने बंदी ठेवली, आपण परवाने दिले. 'परमिट रूम' हे नाव त्या परवान्यावरूनच पडलं. नवापूर स्टेशन तर अर्धं आपल्याकडे, अर्धं गुजरातेत. म्हणजे एकाच फलाटावर चालता चालता बाटलीचा नियम बदलतो!

पण कायम सुरतेत कोण जेवणार? तिसऱ्या महिन्यात पुण्याला चुलतभावाच्या प्रमोशनची पार्टी झाली. मंद दिवे, जाड मेन्यू. जेवणाच्या आधी दारूचं कार्ड आलं. सगळ्यांचे ग्लास भरले, माझे हात रिकामे. "एकच पेग ले ना भो, आज माझा दिवस आहे." मी घेतला. मग दुसरा. तिसरा मीच मागवला.

नंतर शांतपणे विचार केला तेव्हा लक्षात आलं, मी हरलो ते पहिल्या दहा मिनिटांत. तलफ नंतर आली, आधी आला तो अवघडलेपणा. म्हणून आता मी बसायच्या आधीच वेटरला सांगतो, "मला लगेच लिंबू सोडा आणा, ग्लास रिकामा दिसला की पुन्हा भरा." हातात ग्लास असला की निम्मे लोक विचारतच नाहीत. उरलेल्यांना एकच वाक्य: "मी बंद केलीय." कारण द्यायचं नाही. कारण दिलं की त्यावर वाद सुरू होतो. गाडी चालवायचीय म्हटलं तर तुमच्यासाठी लगेच कॅब बुक करतात, यार!

'नॉन-अल्कोहोलिक' बिअरचं काय? लेबल वाचा. काहींमध्ये 0.5 टक्क्यापर्यंत अल्कोहोल असतं. आणि 0.0 लिहिलेली असली तरी चव आणि वास तोच. मला तरी त्याने जुनी आठवण येते, म्हणून मी लांबच राहतो. तिरामिसूमध्ये बऱ्याचदा रम असते, काही सॉसमध्ये वाइन. शिजवल्यावर सगळं अल्कोहोल उडून जातं हा गैरसमज आहे. सरळ विचारा, लाजू नका.

आणि बिल वेगळं मागा. दारू जीएसटीत येत नाही, तिच्यावर व्हॅट लागतो, त्यामुळे हिशेब तसाही वेगळाच असतो. दाल-रोटी खाऊन दुसऱ्यांच्या व्हिस्कीचे पैसे भरले की मनात येतं, मग प्यायलोच असतो तर काय झालं असतं?

हे सगळं एकट्याने करणं जड जातं. आपल्या तळोदा तालुक्यातल्या मोरवडचे संत गुलाम महाराज आठवा. 1930 च्या दशकात त्यांनी आदिवासी समाजाला दारू सोडायला सांगितलं आणि एकमेकांना 'आप' म्हणायला शिकवलं. आरतीला हजारो माणसं जमायची. मला त्यातलं हे महत्त्वाचं वाटतं की अख्खी पंगतच सोडत होती. मग आग्रह करणार कोण? माझ्या टेबलावर निदान एकाला तरी मी आधी फोन करून ठेवतो.

एक गंभीर गोष्ट. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक, स्वतःच्या मनाने बंद करू नये. हात थरथरणं, भास होणं, फिट येणं, जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टरांना भेटा. टेलिमानसचा 14416 हा नंबर मोफत आहे, तिथेही बोलता येतं.

गेल्या महिन्यात त्याच चुलतभावाबरोबर पुन्हा जेवलो. या वेळी फोन त्यालाच केला होता. बिलं दोन आली. त्याने दोन्ही हातात घेऊन पाहिली, जरा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "तुझी बिर्याणी चांगली होती रे, मला चवच नाही कळली."