परवान्याची बंदूक गाडीतून नेताना

हरभऱ्याला घाटे धरले की देवास जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या रात्री मळ्यावर जागण्यात जातात. रोजडे आणि रानडुकरे एका रात्रीत उभे पीक झोपवतात. मग घरातली भरमार बंदूक ट्रॅक्टरवर किंवा जीपमध्ये टाकून शेतावर नेली जाते. पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद 1959 च्या शस्त्र कायद्यात आहे. तेव्हा परवान्याची बंदूक घरात असणे हा गुन्हा नव्हे. अडचण येते ती वाटेत.

परवाना घराला मिळत नाही, गाडीलाही मिळत नाही. तो ज्याच्या नावाचा, त्याचाच. वडिलांच्या नावाची बंदूक मुलाने एकट्याने नेली, तर तो विनापरवाना शस्त्र बाळगणारा ठरतो व तुरुंगवासास पात्र होतो. 'घरचीच बंदूक आहे' हे उत्तर ठाण्यात चालत नाही. कायद्याच्या कलम 3 मध्ये एक सवलत मात्र आहे. परवानाधारक सोबत असेल, किंवा त्याने लेखी अधिकार दिला असेल, तर दुसऱ्याला बंदूक नेता येते. पण कामे तीनच: दुरुस्ती, परवान्याचे नूतनीकरण, किंवा खुद्द परवानाधारकाच्या वापरासाठी ती त्याच्याकडे पोचवणे. अशा चिठ्ठीवर नेणाऱ्याचे नाव, परवान्याचा व बंदुकीचा क्रमांक, काम आणि तारीख लिहून सही करावी, व मूळ परवाना सोबत द्यावा. मुलाला स्वतःच राखणीला बंदूक हवी असेल तर चिठ्ठी पुरत नाही. त्याने कलेक्टर कचेरीत रीतसर अर्ज करावा.

दुरुस्तीही गावच्या लोहाराकडे करू नये. त्या कामाला वेगळा परवाना लागतो, आणि तो नसेल तर लोहारही गोत्यात येतो.

आपला परवाना कोठपर्यंत चालतो हे वाचून पाहावे. तो जिल्ह्यापुरता असेल, तर आग्रा-मुंबई रस्त्याने इंदूरकडे निघाल्यावर थोड्याच वेळात त्याची हद्द संपते. पुढे जायचे असल्यास कचेरीची लेखी परवानगी आधी घ्यावी. परवान्याच्या अटी मोडल्यास कलम 30 नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

2016 च्या नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी बंदूक पूर्ण झाकलेल्या खोळीत आणि नेणाऱ्याच्या ताब्यात असली पाहिजे. ट्रॉलीत पोत्यांखाली सारून देणे म्हणजे ताबा नव्हे. आमचा आग्रह असा की, ठासणीची बंदूक घरून भरून निघूच नये. टोपी काढली तरी बार नळीत तसाच राहतो. पोत्यांतून बंदूक नळीकडून ओढताना घोडा अडकला तर बार ओढणाऱ्याच्याच पोटात जातो. असा घात झालाच तर जखमेवर स्वच्छ फडके दाबून धरावे, छर्रे काढत बसू नये, आणि तडक जिल्हा रुग्णालय गाठावे.

वाटेत पोलिसाने परवाना मागितला तर दाखवावाच लागतो. नाही तर बंदूक जप्त होऊ शकते. हेतूविषयी सबळ संशय आला, तर परवाना असूनही अटक होऊ शकते, आणि कलम 20 नुसार हा अधिकार बसच्या कंडक्टरलाही आहे! परवान्याच्या अटींनुसार जत्रा, धार्मिक मिरवणूक व शाळेचे आवार येथे खास मंजुरीवाचून शस्त्र नेता येत नाही. यास्तव नवरात्रात टेकडीवर देवीला जाताना गाडीत बंदूक नको. वरातीत बार काढून कोणाच्या जिवाला धोका केल्यास 2019 च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही आहेत.

कन्नोद-खातेगावकडच्यांनी खिवनी अभयारण्याचेही भान ठेवावे. वन्यजीव कायद्याच्या कलम 31 प्रमाणे तेथे शस्त्रासह शिरण्यास वनखात्याची लेखी परवानगी लागते. शस्त्र परवाना म्हणजे रोजडे मारण्याची परवानगी नव्हे. ती वेगळी घ्यावी लागते.

निवडणुकीत जिल्हाधिकाऱ्यांचा हुकूम निघाला, तर मुदतीत बंदूक ठाण्यात जमा करून पावती घ्यावी. गाडीतून बंदूक चोरीस गेली तर शोधाशोधीत दिवस न घालवता त्याच दिवशी जवळच्या ठाण्यात खबर द्यावी.