घोण 'पाळणे' : निर्मोचनकाळाचा विचार

मराठीतील 'पाळणे' या क्रियापदाचे दोन अर्थ सर्वपरिचित आहेत. गाय, कुत्रा वा पोपट पाळणे हा एक. पथ्य, मौन वा सुतक पाळणे हा दुसरा. पहिल्यात अन्नपाणी देऊन जीवाचे पोषण करणे अभिप्रेत असते, तर दुसऱ्यात काही गोष्टी कटाक्षाने न करणे. युरोप, अमेरिका व जपान येथे महाकाय घोणी हौसेने बाळगणारे लोक आहेत. घोण कात टाकू लागली म्हणजे त्यांना पहिला अर्थ बाजूस ठेवून दुसऱ्याचा आश्रय करावा लागतो. त्याची कारणे त्या प्राण्याच्या शरीररचनेत आहेत.

दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागात व त्रिनिदाद बेटावर आढळणारी 'स्कोलोपेंड्रा जायगँटिया' ही जाती लिनियसने १७५८ मध्ये नामांकित केली. तिची लांबी सुमारे ३० सेंटिमीटरपर्यंत जाते. शास्त्राने या वर्गास 'शतपाद' म्हटले असले, तरी या घोणीला पायांच्या २१ जोड्याच असतात. विषनखांची जोडी, जी मुळात पायांचेच रूपांतर होय, ती निराळी.

'कात' हा शब्द आपण प्रथम सापाच्या संदर्भात शिकतो आणि तेथेच गैरसमजाचे बीज असते. साप त्वचेचा केवळ बाहेरचा मृत थर टाकतो. त्याचा सांगाडा आत अबाधित राहतो. घोणीचा सांगाडा मात्र बाहेर असतो व निर्मोचनात तोच टाकला जातो. त्याबरोबर विषनखांचे आवरण, श्वासनालांचे अस्तर, तसेच अन्नमार्गाच्या अग्र व पश्च भागांचे अस्तरही निघून येते. एकाच शब्दाने दर्शविलेल्या या दोन क्रियांत एवढे अंतर आहे.

निर्मोचन जवळ आले की घोण अन्न नाकारते, मंद होते, तिचा रंग निस्तेज दिसतो व ती मातीतील पोकळीत दडून बसते. ही लक्षणे आजाराचीच वाटतात आणि अननुभवी पालक काळजीपोटी उपचारास प्रवृत्त होतो. तो तिला उकरून काढतो, पुढ्यात जिवंत झुरळ वा रातकिडा सोडतो, अर्धवट सुटलेली कात चिमट्याने ओढतो. यातील प्रत्येक कृती घातक ठरू शकते. कात प्रथम डोक्याजवळ फाटते आणि घोण शरीराच्या लहरींनी ती मागे सारीत बाहेर येते. नवे आवरण त्या वेळी इतके मऊ असते की बाहेरून ओढल्यास ते फाटते. आणि विषनखे कठीण झालेली नसल्याने एरवी जो कीटक तिचे भक्ष्य, तोच तिला कुरतडू शकतो.

म्हणून पालकाचे खरे काम आधीच संपलेले असावे लागते. घोणीच्या शरीरातून पाणी लवकर निघून जाते व कोरड्या जागी कात अडकण्याचा संभव असतो. यास्तव बीळ करता येईल इतकी खोल, दमट पण चिखल न झालेली माती, उथळ भांड्यात पाणी आणि घट्ट झाकण यांची तजवीज पूर्वीच केलेली असावी. पुढे उरते ते न उकरणे, न हलविणे, न भरविणे. टाकलेली कात पुष्कळदा घोण स्वतःच खाते. तीही उचलून नेऊ नये. आवरण व विषनखे कठीण होऊन मूळचा रंग परतेपर्यंत, म्हणजे निदान काही दिवस, अन्न देण्याची घाई करू नये.

गोमेचा एक पाय मोडला तरी ती लंगडी होत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. पाय पुष्कळ, हा तिचा आधार. निर्मोचनाने त्यास आणखी एक पुस्ती जोडली आहे : गमावलेला पाय पुढील कातीबरोबर, प्रथम काहीसा लहान का होईना, पुन्हा उगवतो. ही दुरुस्ती मातीखाली, कोणाच्याही मदतीवाचून होत असते. अन्न देणारा हात त्या काळात आवरता येणे, हेच घोण पाळणाऱ्याचे पथ्य होय.