'आशा' मोजायची म्हणजे नेमकं काय मोजायचं?

सिनॉप्सिस लिहिताना आपण बहुतेक जण एकच करतो. विषय ठरला की तयार प्रश्नावली शोधायची, तिची विश्वसनीयता ०.८ च्या पुढे दिसली की हुश्श करायचं आणि पुढच्या प्रकरणाकडे वळायचं. मीही तेच केलं. माझा विषय आजारपण आणि श्रद्धा, त्यातही मराठी ख्रिस्ती कुटुंबं. सगळं मनाविरुद्ध घडत जातं तेव्हा ही माणसं आशा कशावर ठेवतात, हा माझा प्रश्न. त्यात तयार प्रश्नावल्यांनी माझी चांगलीच फजिती केली. ती कशी, हे सांगते, कारण पायलट करायच्या आधी तुम्हालाही याचा उपयोग होईल.

आशेवर काही शोधायला गेलात की चार्ल्स स्नायडर हे नाव समोर येणारच. त्यांची १९९१ ची प्रौढांसाठीची मापनी छोटी आहे. विधानं १२. चार जिद्दीबद्दल, चार वाट काढण्याबद्दल, उरलेली चार नुसती भरतीची, त्यांचे गुण धरत नाहीत. म्हणजे स्नायडर यांच्या मते आशा म्हणजे ध्येयाकडे जायच्या वाटा दिसणं आणि त्या वाटेनं जाण्याची धमक असणं. नेट-सेटच्या तयारीला लागलेल्या मुलांना लावा, झकास चालेल. पण डॉक्टरांनी 'आता घरी घेऊन जा' असं सांगितलेल्या माणसाला ही मापनी दिली तर? त्याच्यापुढे वाटच उरलेली नाही. गुण कमी पडणार. मग त्याला आशा नाही असं लिहून टाकायचं?

ख्रिस्ती परंपरेचं उत्तर इथे अगदी वेगळं आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय डेटा वाचता येत नाही. पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात मुद्दा असा की जे डोळ्यांना दिसतं त्याची कुणी आशा धरत नाही. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १५ व्या अध्यायात तर तो सगळंच एका गोष्टीवर लावतो: ख्रिस्त मेलेल्यांतून उठला नसेल तर आपला विश्वास फुकट. म्हणजे आशा बरं होण्यावर नाही, नोकरीवर नाही, मुलाबाळांवरही नाही. मरणाच्या पलीकडे देव काही करू शकतो, यावर आहे. रोमच्या भुयारी दफनभूमींत सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी थडग्यांवर नांगर कोरलेले आहेत. (शेतातला नव्हे, जहाजाचा!) इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात आशेला याच नांगराची उपमा आहे. नांगर पाण्याखाली रुतलेला असतो, वरून दिसत नाही, आणि वादळ थांबवणं हे त्याचं कामही नाही.

मराठीत आपल्याकडे 'अपेक्षा' आणि 'आशा' असे दोन शब्द आहेत ते किती बरं आहे. अपेक्षाभंग झाला तरी आशा राहू शकते. स्नायडर यांची मापनी मला तरी अपेक्षेच्या जवळची वाटते.

म्हणून मी केनेथ पार्गमेंट यांच्या कामाकडे वळले. संकटात माणूस धर्माचा आधार कसा घेतो याची त्यांनी मोठी प्रश्नावली बनवली, आणि पुढे तिची १४ विधानांची छोटी आवृत्ती. सात विधानं आधाराची, सात संघर्षाची. २००१ मध्ये त्यांचा आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला, तो जरूर वाचा. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या दोन रुग्णालयांत दाखल झालेले, ५५ वर्षं किंवा त्याहून मोठे ५९६ रुग्ण, बहुतेक प्रॉटेस्टंट. दोन वर्षं पाठपुरावा. वय, शारीरिक आणि मानसिक आरोग्य वगैरे हिशोबात धरूनही, ज्यांचा धार्मिक संघर्षाचा गुण जास्त होता त्यांच्यात मृत्यूचा धोका जास्त निघाला. जोखीम-गुणोत्तर १.०६, विश्वासार्हता-मध्यांतर १.०१ ते १.११. खालची मर्यादा १ ला जवळजवळ चिकटलेली आहे, हे बघून ठेवा. एकेक विधान वेगळं काढल्यावर सगळ्यात मोठा आकडा देवाने मला सोडून दिलं की काय, या विधानाचा आला: १.२८.

हे मी माझ्या ओळखीच्या एका निवृत्त नर्सबाईंना दाखवलं. सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात. मराठी भाषांतर नैसर्गिक वाटतंय का, एवढंच मला विचारायचं होतं. त्यांनी चष्मा लावून त्या विधानावर बोट ठेवलं. "हे मी दर गुड फ्रायडेला ऐकते गं. येशूनेच वधस्तंभावरून हे विचारलंय. मिस्टर गेले तेव्हा मीही वर्षभर रोज हेच विचारत होते. आता मी इथे 'खूप वेळा'वर खूण केली तर तू मला कुठल्या गटात टाकणार?"

संघर्षाच्या गटात. दुसरा रकानाच नव्हता.

नंतर बसून स्तोत्रसंहिता चाळली. १५० स्तोत्रांत विलापगीतांचा गट सगळ्यात मोठा. येशूचा तो उद्गार २२ व्या स्तोत्राची सुरुवात आहे, आणि ते स्तोत्र पुढे स्तुतीकडे वळतं. ८८ वं वळतच नाही, अंधारातच संपतं, तरी ते पवित्र ग्रंथात ठेवलंय. म्हणजे या परंपरेत देवाला 'मला का सोडलंस' असं विचारणं म्हणजे नातं तुटल्याची खूण नव्हे. ज्याच्याशी नातं आहे त्याच्याशीच माणूस भांडतो. पार्गमेंट यांच्या गटानेही २००४ च्या अभ्यासात वेळेचा मुद्दा आणला: जे रुग्ण या झगड्यात दीर्घकाळ राहतात, त्यांना विशेष धोका असू शकतो. एकदाच घेतलेल्या मोजमापात विचारणारा आणि अडकलेला, दोघं सारखेच दिसतात.

आता उलटी बाजू. २००९ मध्ये 'जामा'त फेल्प्स आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. अमेरिकेतले कर्करोगाच्या पुढच्या टप्प्यातले ३४५ रुग्ण. इथे 'आधाराची' विधानं ज्यांची जास्त होती, त्यांच्यापैकी ११.३ टक्क्यांना शेवटी कृत्रिम श्वासयंत्र लावलं गेलं. ज्यांची कमी होती त्यांच्यात ३.६ टक्के. मला हे वाचून धक्काच बसला. मरणापलीकडे आशा असलेल्यांनी व्हेंटिलेटरला इतकं का धरून राहावं? एक शक्यता अशी की त्यांची आशा चमत्कारावर, म्हणजे बरं होण्यावरच होती. दुसरी, जीव देवाने दिलेला म्हणून शेवटपर्यंत सोडायचा नाही. दोन्ही आशा ख्रिस्तीच म्हणवतात, पण त्यांची जागा वेगळी, आणि बेरीज केलेल्या गुणांत ती जागा पुसली जाते. (आणि हा सहसंबंध आहे, कारण नव्हे. व्हायवात हे विचारतातच.)

म्हणून माझ्या प्रश्नावलीत १४ विधानांनंतर आता दोन उघडे प्रश्न आहेत: 'तुम्ही सध्या कशाची आशा धरून आहात?' आणि 'ते झालं नाही तर?' शिवाय तीन महिन्यांनी तेच सगळं पुन्हा विचारायचं. गाइड म्हणाले, कोडिंग करताना रडशील. खरंय. सिस्टरांनी पहिल्या प्रश्नाखाली एक ओळ लिहिली आणि दुसऱ्याखाली अर्धं पान, आणि त्या अर्ध्या पानाला कुठला कोड द्यायचा हे मला अजून ठरवता आलेलं नाही.