प्रश्न किती गाड्यांचा नाही, किती वाजताचा

सोसायटीत तिसरी-चौथी इलेक्ट्रिक कार आली की सर्वसाधारण सभेत हमखास कुणीतरी विचारतं, "आपला ट्रान्सफॉर्मर एवढा लोड घेईल का?" शंका रास्त आहे, पण गाड्या मोजून तिचं उत्तर मिळत नाही. त्या कधी प्लगला लागतात ते बघावं लागतं.

आधी गाडीची भूक पाहू. शहरात रोज चाळीसेक किलोमीटर फिरणाऱ्या कारला चार्जिंगमधली गळती धरून साधारण ७ युनिट लागतात. साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवरचा चार्जर ३.३ किलोवॉट ओढतो, म्हणजे दोन-सव्वादोन तासांत काम झालं. गाडी मात्र रात्रभर, दहा-बारा तास पार्किंगमध्येच उभी असते. स्कूटरचं तर विचारूच नका; तिचा चार्जर बहुधा गीझरच्या निम्माही नसतो.

मग अडतं कुठे? गीझर पंधरा मिनिटांत बंद होतो, मिक्सर दोन मिनिटांत. साठ घरांचा मंजूर भार प्रत्येकी ५ किलोवॉट, म्हणजे एकूण ३०० असला, तरी सगळ्यांची सगळी उपकरणं एकाच क्षणी चालू नसतात. याच भरवशावर त्यांना २०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर पुरतो. गाडी तो भरवसा मोडते. ती लागली की तासन्‌तास एकसारखी ओढत राहते, आणि माणसं कामावरून परततात साधारण एकाच सुमारास.

समजा, या इमारतीचा संध्याकाळचा भार १३० किलोवॉट आहे. साडेसातला २० गाड्या लागल्या की त्यात ६६ ची भर पडून १९६ होतात. पॉवर फॅक्टर धरला तर हा ट्रान्सफॉर्मर देऊ शकतो जेमतेम १९०. हौसेने सगळ्यांनी ७.२ किलोवॉटचे भिंतीवरचे चार्जर बसवले, तर गाड्याच १४४ मागतील. आता याच २० गाड्या रात्री अकरा ते सकाळी सात पाळीपाळीने लावा. एकूण १४० युनिट, आठ तास. सरासरी भार साडेसतरा किलोवॉट!

जास्त भार आला म्हणून ट्रान्सफॉर्मर त्याच रात्री उडेल असं नाही. आत तारेच्या गुंडाळ्यांवर तेलात बुडालेला कागद असतो, तो उष्णतेने ठिसूळ होतो. सर्वांत तापलेल्या जागी तापमान ६ अंशांनी वाढलं की कागद झिजण्याचा वेग दुप्पट होतो. वायरींचं गणित तर याहून कडक आहे: करंट दुप्पट, तर उष्णता चौपट. गॅलरीतून खाली सोडलेल्या एक्स्टेंशन बोर्डाची भोकं तपकिरी दिसू लागली, तर त्यावर गाडी लावणं त्याच दिवशी बंद करावं.

इमारतीबाहेरही संध्याकाळच नडते. सूर्य मावळताच सौरवीज शून्यावर येते आणि मागणी मात्र चढते. कोळशाचे संच सावकाश वाढतात, म्हणून तातडीला कोयनेसारखं जलविद्युत केंद्र धावून येतं. त्याची क्षमता १,९६० मेगावॉट आहे, पण वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायचं पाणी कृष्णा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीवर बांधून दिलंय. ते जपून वापरावं लागतं.

दुपारी उलट चित्र असतं; सौरवीज भरपूर असते. म्हणूनच स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना महावितरण सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या विजेवर सवलत देते. पण त्या वेळी गाडी असते ऑफिसात! माझ्या मते घराइतकीच चार्जिंगची सोय कचेऱ्यांच्या पार्किंगमध्ये हवी, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

टायमर लावून रात्री चार्जिंग करणं हा सोपा उपाय, पण त्यातही एक मेख आहे. सगळ्यांनी ठीक अकराचा टायमर लावला, तर अकरा वाजता नवा डोंगर उभा राहतो. हे ओळखून ब्रिटनने जून २०२२ पासून नव्या घरगुती चार्जरना वेळ मुद्दाम मागेपुढे करण्याची सक्ती केली: ठरलेल्या वेळेनंतर दहा मिनिटांपर्यंत, कुठल्याही क्षणी, चार्जर आपला आपण सुरू होतो. सोसायटीत याहून चांगली सोय करता येते. सगळे चार्जर एका नियंत्रकाला जोडायचे. इमारतीचा भार वाढला की तो गाड्यांचा वेग कमी करतो, घरं झोपली की वाढवतो. ट्रान्सफॉर्मर बदलण्याचा खर्च मंजूर करण्याआधी याचं कोटेशन मागवावं, आणि त्याहीआधी एखाद्या उन्हाळ्याच्या संध्याकाळी इलेक्ट्रिशियनला मुख्य केबलवर क्लॅम्प मीटर लावून खरा भार किती आहे तो मोजायला सांगावं.