गांगजिनचे सेलाडॉन-संग्रहालय

कोरियाच्या गोर्यो राजवटीतील (इ. स. ९१८–१३९२) हिरव्या झिलईची मृत्पात्रे, म्हणजेच सेलाडॉन, आज जगातील अनेक संग्रहालयांत मांडलेली आढळतात. ती बहुधा अखंड व देखणी असतात. परंतु त्यांपैकी पुष्कळशी विसाव्या शतकाच्या आरंभी फोडलेल्या थडग्यांतून बाजारात आली, आणि कोणते पात्र कोठले हे कळण्याचा मार्ग तेव्हाच बंद झाला. कोरियाच्या दक्षिण किनाऱ्यावरील गांगजिन येथे १९९७ मध्ये उघडलेल्या संग्रहालयाचे महत्त्व यासाठीच विशेष आहे. ते सादांग-री गावी, जुन्या भट्ट्यांच्या परिसरातच उभे आहे. आणि अभ्यासकाच्या दृष्टीने तेथील खरे धन म्हणजे फुटकी खापरे होत.

झिलईतील अल्प लोहास भट्टीत प्राणवायू कमी मिळाला तर हिरवट-निळी छटा येते. अधिक मिळाल्यास ती पिवळट वा तपकिरी होते. ११२३ मध्ये गोर्योस आलेल्या श्यू चिंग या चिनी राजदूतमंडळातील अधिकाऱ्याने तेथील पात्रांच्या रंगाची मुद्दाम नोंद केली, ती साधलेल्या पात्रांची. फसलेली पात्रे दरबारी जात नाहीत. ती भट्टीपाशीच पडून राहतात, आणि कारागिराची धडपड तीच अधिक सांगतात. ओल्या मातीत नक्षी कोरून तीत पांढरी व काळी होणारी माती भरण्याची सांगगाम पद्धतीही तुटलेल्या कडेवरच नीट उलगडते.

लिखित पुराव्याची पारखही खापरेच करतात. ११५७ मध्ये राजा उइजोंगने एका मंडपावर सेलाडॉनची कौले घातल्याचा उल्लेख गोर्योच्या इतिहासग्रंथात आहे. ही अतिशयोक्ती वाटावी. पण १९६४ मध्ये सादांग-री येथे अशा कौलांचे तुकडे प्रत्यक्ष सापडले.

हा माल राजधानी केसाँगला पश्चिम किनाऱ्याने जहाजांतून जाई. २००७ मध्ये थेआनजवळ एका कोळ्याच्या हाती लागलेल्या लहान अष्टपादाने सेलाडॉनचे एक पात्र कवटाळलेले होते. त्या मागावर बुडालेले जहाज मिळाले. त्यात वीस हजारांहून अधिक पात्रे होती. त्यांसोबत लाकडी चिठ्ठ्याही निघाल्या. गांगजिनचे जुने नाव थामजिन. एका चिठ्ठीवरील मजकूर असा, की थामजिनहून राजधानीतील इन्सू नामक लष्करी अधिकाऱ्याच्या घरी भांड्यांचा एक गठ्ठा पाठविला आहे.