तुम्ही पेशंटचे कोण?

अतिदक्षता विभागाच्या दारात पहिला प्रश्न येतो, ‘तुम्ही पेशंटचे कोण?’ नवरा, मुलगी, भाऊ असे उत्तर मिळाले की डॉक्टर पुढचे बोलतात. वर्षानुवर्षे एका घरात राहिलेला समलिंगी जोडीदार मात्र इथे अडखळतो. खरे सांगावे तर कुजबुज होते, ‘मित्र’ म्हणावे तर बाहेरच थांबावे लागते.

मृत्यूनंतरही ही अडचण संपत नाही. आपल्याकडे सुतक, दहावा, तेरावा ठरलेला असतो. शेजारून पिठलं-भात येतो, माणसे भेटून जातात, कामावरून रजा मिळते. दुःख वाटून घेण्याची ही रीत. ज्याचे नातेच कोणी मानले नाही, त्याच्या वाट्याला यातले फारसे काही येत नाही. अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा हक्क नाकारलेल्या दुःखाची संकल्पना मांडली.

लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी गंभीर आजारी समलिंगी व ट्रान्स व्यक्ती, त्यांची काळजी घेणारे आणि जिवलग गमावलेले अशा ४० जणांशी सविस्तर बोलून २०१८ मध्ये निष्कर्ष मांडले. उपचार करणारे रुग्णाचे नाते गृहीत धरतात, जोडीदाराला चर्चेतून वगळतात, असे अनुभव पुढे आले. संशोधकांनी सुचवलेले उपाय साधे आहेत: गृहीत धरणारी भाषा टाळा, रुग्णाला जवळचे कोण ते विचारा, त्या माणसाला चर्चेत घ्या. मात्र किती सांगायचे, हे रुग्णालाच ठरवू द्या.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. २०२३ मध्ये विवाहाला मात्र मान्यता दिली नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना पत्र लिहून, जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तेव्हा जोडीदाराला पार्थिव ताब्यात घेता यावे, असे कळवले. नातेवाईक हजर असतील, तर हा मार्ग उपयोगी पडत नाही.

म्हणून काही गोष्टी धडधाकट असतानाच कराव्यात. माहिती कोणाला द्यायची, हे दाखल होतानाच केसपेपरवर लिहून घ्यावे. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ नुसार मानसिक आजाराच्या उपचारांसाठी कोणाही सज्ञान, सक्षम व्यक्तीला तिच्या संमतीने प्रतिनिधी नेमता येते. बँक खात्यात जोडीदाराला नॉमिनी करता येते. पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, त्यासाठी दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र करावे लागते.

शोक हा आजार नाही. पण सहा महिन्यांनंतरही तीव्र ओढ वा वेदना दिवसभर पाठ सोडत नसेल, कामधाम सुटले असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्याला ‘दीर्घकालीन शोक विकार’ म्हटले आहे. त्यावर समुपदेशन, उपचार आहेत. जगणे नकोसे वाटू लागले तर सहा महिने थांबू नये. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर लगेच बोलावे.

शेजाऱ्या-मित्रांना तर कायद्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. ‘मित्र’ गेलेल्या त्या माणसाच्या घरी एकदा जाऊन बसावे. नाते कोणते, हे विचारायची गरज नाही. जेवलास का, एवढे विचारले तरी पुरते.