जुन्या वस्तूंचे संग्राहक आणि वर्तमानाच्या गप्पा : पुणे शहराच्या संदर्भात

प्रास्ताविक

जुन्या वस्तूंचा छंद असलेला मनुष्य म्हटले की, वर्तमानाला पाठ फिरवून भूतकाळात रमणारी व्यक्ती अशी एक ठरावीक प्रतिमा समाजमानसात रूढ आहे. प्रत्यक्षात पुण्यातील ग्रामोफोन तबकड्यांचे संग्राहक, जुन्या स्कूटर व मोटारसायकली सांभाळणारे हौशी, दिवे-कुलपे-अडकित्ते गोळा करणारे छांदिष्ट एकत्र आले की, मेट्रो, इमारतींचा पुनर्विकास, मोबाइलवरून होणारे व्यवहार, परदेशी स्थायिक झालेली मुले, विजेवर चालणारी वाहने हे विषय हटकून निघतात. ज्यांचे प्रेम जुन्यावर, त्यांना नव्याविषयी बोलण्यात इतका रस का असावा, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उत्तराची दिशा प्रारंभीच सांगणे इष्ट ठरेल. जुनी वस्तू संग्राहकाच्या हाती येते ती वर्तमानातील एखाद्या घडामोडीमुळे. कोणाचे घर पाडले जाते, कोणाची वाटणी होते, कोणी सदनिकेत राहावयास जातो, तेव्हा ती वस्तू बाहेर पडते. त्यामुळे ‘ही कोठून मिळाली?’ हा संग्राहकांमधील पहिला प्रश्नच मुळात आजच्या जीवनाविषयीचा प्रश्न असतो.

वाडा, बाजार आणि संग्रह

पुण्यातील जुन्या बाजाराचे बुधवार आणि रविवार हे परंपरेने ठरलेले दिवस. मंगळवार पेठेच्या परिसरातील या बाजारात पथारीवर मांडलेल्या वस्तूंची सरमिसळ हाच एक अभ्यासविषय ठरावा. पितळी तपेल्याशेजारी संगणकाचा कळफलक, लामणदिव्याशेजारी मोबाइलचा चार्जर, पेशवाई असल्याचे सांगितले जाणारे कुलूप आणि त्याच्याच जोडीला बंद पडलेला मिक्सर. येथे येणाऱ्या वस्तूंमागे भंगारवाले आणि जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देणाऱ्या बोहारणी यांची घरोघर फिरण्याची एक जुनी साखळी आहे. कोणत्या पेठेत कोणाचा वाडा पडणार आहे, हे या मंडळींना बहुधा इतरांच्या आधी कळते.

वाडे पडण्याची कारणे सुपरिचित आहेत. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली, मालकाला डागडुजी परवडेनाशी झाली आणि भाडेकरूलाही जागा सोडवेना. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून आलेल्या पुराने नदीकाठच्या पेठांमधील कित्येक घरे आणि त्यांतील पिढ्यान्‌पिढ्यांचे सामान वाहून नेले. पुढे जमिनीचे भाव वाढले तसे वाड्यांच्या जागी बहुमजली इमारती उभ्या राहिल्या. माळा, बळद, कोठीची खोली असलेल्या घरातून दोन-तीन खोल्यांच्या सदनिकेत जाताना घंगाळे, पाटा-वरवंटा, समया, फडताळातील फिरकीचे तांबे यांचे काय करावयाचे, हा प्रश्न कुटुंबापुढे उभा राहतो. मुले परदेशी असतील तर निर्णय दूरध्वनीवरून होतो आणि टेम्पो दुसऱ्या दिवशी दारात येतो.

संग्राहकाच्या आनंदात म्हणूनच एक अस्वस्थता मिसळलेली असते. त्याला मिळालेली समई ही कोणाच्या तरी देवघरातून उठलेली समई आहे, हे तो जाणतो. दोन संग्राहक अशा समईची घडण न्याहाळू लागतात तेव्हा ओतकाम आणि घडीव काम यांवरील चर्चा लवकरच वाड्याच्या वाटणीवर, बांधकाम व्यावसायिकाने देऊ केलेल्या चौरस फुटांवर, एकट्या राहणाऱ्या वृद्धांवर येऊन ठेपते. या विषयांतरास विषयांतर म्हणणेच चूक ठरावे, इतके ते वस्तूशी निगडित आहे.

या दृष्टीने राजा दिनकर केळकर संग्रहालयाकडे पुन्हा पाहता येते. ‘अज्ञातवासी’ या नावाने काव्यलेखन करणारे दि. गं. केळकर (१८९६-१९९०) यांनी गावोगाव हिंडून हा संग्रह उभारला व अकाली निधन पावलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्याला दिले. वीस हजारांहून अधिक वस्तूंच्या या संग्रहात राजेरजवाड्यांच्या वैभवापेक्षा दिवे, अडकित्ते, वज्री, कुलपे, स्वयंपाकघरातील भांडी, वाद्ये अशा वापरातल्या वस्तूंचे प्रमाण डोळ्यांत भरते. ज्या काळात विजेचा दिवा घरात येऊन तेलाचा दिवा अडगळीत जात होता, त्याच काळात केळकर तो दिवा उचलून आणीत होते. नवे काय आले आहे याचे भान असलेल्या माणसालाच काय जाणार आहे हे दिसते.

तबकडीच्या दोन बाजूंमधील अवकाश

वस्तू वर्तमानाचा विषय काढून देते, एवढ्याने मात्र गप्पा रंगत नाहीत. त्यासाठी सवड लागते, आणि ती सवडही पुष्कळदा वस्तूच देते. याचे उत्तम उदाहरण म्हणजे ७८ फेऱ्यांची तबकडी. भारतातील ध्वनिमुद्रणास १९०२ साली कोलकात्यात प्रारंभ झाला आणि १९०८ पासून तेथील सियालदह येथे तबकड्या तयार होऊ लागल्या. लाखेपासून बनविलेल्या या तबकडीची एक बाजू साधारण तीन-साडेतीन मिनिटांत संपते. त्यानंतर तबकडी उलटावी लागते, पोलादी सुई बदलावी लागते, यंत्राला किल्ली द्यावी लागते. १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या आणि पुढे पुण्यासह अन्य शहरांत शाखा सुरू केलेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेने ज्या प्रकारच्या श्रवणसभांना चालना दिली, त्यांचे स्वरूप या तांत्रिक मर्यादेवर बेतलेले आहे. तीन मिनिटे सर्वांनी गप्प बसून ऐकावयाचे, मग मिनिटभर बोलावयाचे.

हे मिनिट फार मोलाचे असते. गायकाने तीन मिनिटांत राग कसा मांडला याचे कौतुक झाल्यावर हल्लीच्या मैफलींची लांबी, मोबाइलवर तुकड्यांतुकड्यांनी गाणे ऐकण्याची सवय, नातवंडांच्या कानात सदैव असलेली यंत्रे यांकडे बोलणे वळते. सलग वाजत राहणाऱ्या आधुनिक साधनांत असा खंड पडत नाही. तो पडत नसल्याने ऐकणारे एकमेकांकडे पाहत नाहीत. (श्रवणसभेला येणारे पुष्कळ लोक तेच गाणे घरी इंटरनेटवर ऐकू शकतात, ही गोष्ट येथे विसरता कामा नये.)

जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल याने १९१० साली केलेल्या विवेचनात निखळ संगतीसाठी होणाऱ्या संभाषणाचे एक लक्षण सांगितले आहे. अशा संभाषणात व्यक्ती आपली संपत्ती, हुद्दा, गरज काही काळ बाहेर ठेवते आणि विषय हा बोलण्याचे निमित्त बनतो. अमेरिकन अभ्यासक रे ओल्डनबर्ग याने १९८९ मध्ये घर व कामाची जागा यांखेरीजच्या ‘तिसऱ्या जागे’ची कल्पना मांडली. पुण्याला ही कल्पना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. पारावरची बैठक, कट्टा, अमृततुल्य चहाचे दुकान, इराण्याचे हॉटेल ही त्याची आपल्याकडील रूपे होत. परंतु कट्ट्यावर बहुधा आधीच ओळख असलेली, एकाच वयाची, एकाच पेठेतील मंडळी जमतात. जुन्या वस्तूभोवती जमणाऱ्यांमध्ये निवृत्त अधिकारी, गॅरेजमधील कारागीर, संगणक अभियंता आणि महाविद्यालयीन विद्यार्थी एका वर्तुळात उभे राहतात. कारण तेथील प्रतिष्ठा जाणकारीवर अवलंबून असते. कार्ब्युरेटरचा दोष ज्याला कळतो, त्याचे म्हणणे सर्वजण ऐकून घेतात. एकदा ऐकून घेण्याची सवय लागली की, रस्त्यांच्या अवस्थेविषयी वा शाळांच्या शुल्काविषयी त्याचे मतही ऐकले जाते. एरवी हा संवाद शहरात सहजासहजी घडत नाही.

चेतकची साक्ष

‘पूर्वीचे पुणे राहिले नाही’ हा सूर या गप्पांत असतो, हे अमान्य करण्याचे कारण नाही. स्वेतलाना बॉइम या अभ्यासिकेने २००१ मध्ये गतकाळाच्या ओढीचे दोन प्रकार सांगितले. एकात गेलेला काळ जसाच्या तसा परत आणण्याचा हट्ट असतो, तर दुसऱ्यात तो परत येणार नाही हे मान्य करून त्यावर चिंतन केले जाते. संग्राहकांच्या बैठकीत दोन्ही प्रकार आढळतात. मात्र वस्तू प्रत्यक्ष हाताळणारा माणूस पहिल्या प्रकारात फार काळ टिकत नाही, कारण वस्तूच त्याला टिकू देत नाही.

बजाज चेतक या स्कूटरचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. १९७२ मध्ये बाजारात आलेली, आकुर्डीच्या कारखान्याशी नाते असलेली ही स्कूटर म्हणजे मध्यमवर्गीय पुणेकराच्या संसाराचा भाग होती. तिच्या आठवणीने गहिवरणारे अनेक आहेत. परंतु जो ती आजही चालवितो, त्याला ती सुरू होण्यापूर्वी एका बाजूला कलती का करावी लागते, पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते, धूर किती होतो, पंक्चर झाल्यावर भर रस्त्यात काय होते, हे सर्व ठाऊक असते. परवाना-नियंत्रणाच्या काळात नोंदणी करून कित्येक वर्षे ताटकळावे लागत असे, हेही ज्येष्ठ सभासद तरुणांना सांगतात. पुढे या स्कूटरचे उत्पादन थांबले. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच नावाची विजेवर चालणारी स्कूटर सादर झाली आणि पुढील वर्षी पुणे व बंगळूरु येथे तिची विक्री सुरू झाली. जुनी चेतक सांभाळणाऱ्यांनी या नव्या गाडीविषयी किती बोलावे! तिचा पत्रा, तिचे वजन, तिचा नसलेला आवाज, बॅटरीचे आयुष्य, सोसायटीच्या वाहनतळावर चार्जिंगची सोय कोणी करावयाची, अशा मुद्द्यांवर त्यांचे मत नेमके असते. तुलनेसाठी त्यांच्यापाशी आठवणीहून अधिक भक्कम असे काहीतरी असते, ते म्हणजे दारात उभी असलेली गाडी.

शासनाचे नियमही या गप्पांना खाद्य पुरवितात. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळू लागली. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, आणि अशी गाडी व्यावसायिक वा नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. साहजिकच रोज चेतकवरून मंडईत जाणाऱ्या गृहस्थाला ही प्रतिष्ठा नकोशी वाटते.

कोण बोलते, कोण बोलत नाही

या वर्तुळांचे गुणगान करताना त्यांची मर्यादाही नोंदविली पाहिजे. त्यांत पुरुषांचा भरणा असतो. संग्रहातील जाते, पाटा, खलबत्ता, पुरणयंत्र या वस्तू स्त्रियांनी झिजविलेल्या. दिवाणखान्यात त्या मांडल्या जातात आणि त्यांच्या दगडाविषयी बोलतात मात्र पुरुष. जात्यावर ज्यांनी पहाटे दळण दळले, त्या स्त्रीला विचारले तर पिठाच्या गिरणीचे तिने केलेले स्वागत ऐकावयास मिळेल. हेमा राईरकर आणि गी पॉयटवाँ यांनी पुण्यातून चालविलेल्या प्रकल्पात महाराष्ट्रातील खेड्यांमधून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या संकलित झाल्या. २०१७ पासून त्या इंटरनेटवर क्रमाने प्रकाशित होऊ लागल्या. त्यांत सासर-माहेर व पंढरीची वारी आहे, तसेच डॉ. बाबासाहेब आंबेडकरही आहेत. आज ‘पारंपरिक’ म्हणून संग्रहित होणाऱ्या ओवीत गाणारीचे त्या वेळचे वर्तमान भरलेले होते.

पथारीवाल्याचेही तसेच. त्याच्या लेखी वस्तू हा छंद नसून त्या दिवसाची मिळकत असते. भाव ठरेपर्यंत तो संग्राहकाच्या गप्पांत सामील होतो, आणि पुष्कळदा त्याचीच माहिती सर्वांत ताजी असते. तथापि सभेचे निमंत्रण त्याला क्वचितच जाते.

अलीकडे याच पथारीवर २००३ साली आलेल्या नोकिया ११०० च्या पिढीतील मोबाइल संच मांडलेले दिसतात, आणि ते निरखणारे विशी-पंचविशीतील तरुण असतात. विजेविना चालणारा, किल्लीचा ग्रामोफोन शंभर वर्षांनंतरही वाजतो. हा संच मात्र त्याला जोडणारे जाळे बंद झाले की मुका होईल. मग तो जपावयाचा तो कशासाठी, नुसत्या देखण्या कवचासाठी की त्यातील विजेरीसाठी, यावर ज्येष्ठ आणि तरुण यांचे एकमत होत नाही. सीलबंद बॅटरी आणि कंपनीच्या मर्जीवर चालणारी प्रणाली असलेल्या आजच्या संचांचा विषय त्यातूनच निघतो. पथारीवाला दोघांचेही ऐकतो आणि संच चालू करून दाखवितो.